येळवसाच्या दिवशी गाव मोजायला गेलो त्याची गोष्ट

मी तीस वर्षं साखळीचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरणारे बदलत गेले. साहेब आले, साहेब गेले, कुणी रिटायर झालं, कुणी पुण्याला गेलं. माझं टोक माझ्याकडंच राहिलं. जमीन मोजायची साखळी ती. लोखंडाची, कडीला कडी जोडलेली, ढेकळातनं ओढत न्हेली की छुनछुन वाजायची. पुढून साहेब वरडायचे, "ताण!" मी ताणायचो. येवढंच काम. त्याला शाळा लागत न्हाई म्हणून तर मला मिळालं.

शाळेत मी दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी गुरुजींनी बसायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी उठायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी काय सांगितलं असतं ते बघायला मी गेलोच न्हाई. त्यामुळं हे बी मी बोलायलो आन् मोबाईल लिहून घ्यायलाय. चुकलं तर त्याचं, जमलं तर माझं.

आता साखळी लातूरच्या हापिसात कपाटामागं पडून हाय. तिच्या जागी आली काठी. काठीच्या डोक्यावर पांढरी ताटली, ती म्हणे आभाळाशी बोलती. आन् काठीला मधात एक काचेचा डोळा, त्यात पाण्याचा बुडबुडा. बुडबुडा गोलात मधोमध ठिवला की काठी सरळ. माझं काम बुडबुडा संभाळायचं. माणसाची बढती कशी व्हती बघा, लोखंडावरनं डायरेक बुडबुड्यावर.

पर खरं सांगू का, मला ते काम लई आवडतं. त्या बुडबुड्याकडं बघता बघता आजूबाजूचं सगळं हळूहळू धुरकट व्हतं. शेत, रस्ता, लिंबाचं झाड, समदं पाण्याखाली गेल्यासारखं. मला लई चांगली सपनं पडत्यात. उभ्यानं. घोड्यासारखी.

आमच्या टीमात तीन माणसं. एक म्याडम, नांदेडच्या, मास्तराची लेक, इंजिनेर. माझ्या धाकटीहून दोन वर्षांनी ल्हान, पर माझ्या साहेब. दुसरं ड्रोन उडवणारं पोरगं, हदगावाकडचं, तेच जीप बी चालवायचं. तिसरा मी. गावठाणाची मोजणी करायची, म्हंजे घरं, वाडे, बोळी, कुणाची हद्द कुठवर, समदं वरून फोटो काढून नकाशात बसवायचं. ते दोघं काम बोलून करत न्हाईत. एका जीपात पुढं-मागं बसत्यात आन् फोनवर एकमेकाला पाठवत्यात. ठरलेलं समदं ग्रुपवर. माझ्याकडं तवा बटनाचा फोन, त्यावर ग्रुप येत न्हाई. मी फकस्त दोघांच्या तोंडाकडं बघायचो आन् अंदाज लावायचो. पोरगं हसलं की समजायचं, लवकर सुट्टी. म्याडमनं नख खाल्लं की समजायचं, वरनं फोन आला.

एकदा मी पहाटेच येऊन हापिसाच्या पायरीवर बसलो, तर कुणीच न्हाई. दहाला म्याडम आल्या. "मामा, तुम्ही इतक्या लवकर? आज उशिरा निघायचं ठरलं होतं. ग्रुपवर टाकलं होतं की."

"माझ्याकडं ग्रुप न्हाई म्याडम. माझ्याकडं बिडी हाय."

त्या हसल्या. मी बी हसलो. पर आतून फुगलो. अडाणी माणसाचं फुगणं लई वाईट. शिकलेला फुगला तर चिठ्ठी लिहितो, अडाणी फुगला तर गप बसतो, आन् गप बसलेलं कुणाला वाचता येत न्हाई.

तर पौषाच्या तोंडाला आमची जीप लातुरातनं निलंग्याकडं निघाली. सीमेपलीकडं कर्नाटक, अलीकडं आमचं मोजायचं गाव. सकाळी धुकं व्हतं, दुपारी बी पुरतं उतरलं न्हाई. दोन्ही अंगाला तुरी, ज्वारी, करडईची शेतं, आन् त्या पांढऱ्या धूसरात माणसं कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन चाललेली. नुस्ती पेंढ्याच चालल्यासारख्या वाटायच्या, खाली पाय फुटलेल्या. मी डुलक्या घेत घेत बघायलो. आन् तवाच मला उमगलं. कडब्याच्या पेंढ्या ह्या दिवसात शेतात कशाला न्हेत्यात? कोप करायला, म्हंजे खोपटं. उद्या येळवस.

आमच्या लातूर-निलंग्याकडं येळवस म्हंजे काय सांगू. येळ अमावस्या. त्या दिवशी समदं गाव घराला कुलूप लावून शेतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, उंडे, रोडगे, खीर, आन् आंबील, ताकातली, आंबूस, गारेगार. रस्त्यानं चाललेल्या वळखी-बिनवळखीच्या माणसाला हाक मारून जेवू घालायचं. गावात त्या दिवशी फकस्त कोंबड्या ऱ्हात्यात.

हदगाव-नांदेडाकडं ह्याचं येवढं न्हाई. तारखा तर पुण्याच्या मोठ्या हापिसातून ठरून आलेल्या. कॉम्प्युटरला काय म्हाईत, आंबील काय असती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्याडमचा फोन वाजला. मोठे साहेब. पोरानं गाडी खड्ड्यात घातली न् फोन हातातनं सुटून माझ्या मांडीवर पडला, आवाज मोठा झाला. साहेब बोलायले, "हे बघा, हे गाव नीट करून दाखवा. उद्या पाच वाजेपर्यंतच उडवायची परवानगी आहे. नीट झालं तर निलंग्याकडची सगळी गावं तुमच्याकडे. नाही झालं तर लातूरच्या ऑफिसात खुर्ची आहे, एसी आहे. मुलीनं उन्हात हिंडलंच पाहिजे असं कुठंय?"

"हो सर," म्याडम म्हणल्या. मी फोन परत दिला. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं आन् नख खाल्लं.

मी म्हणलं, "म्याडम, उद्या..."

"मामा, एक मिनिट हं." आन् त्या फोनात लिहायला लागल्या. पोराचा फोन वाजला. पोरानं मान हलवली. त्या दोघांचं ठरलं. मी पुन्हा फुगलो. म्हणलं, ठीक. तुमचा ग्रुप तुमाला सांगंल.

आता नियम असा, की ड्रोन उडायच्या आधी घरधन्यानं आपल्या दारात उभं राहून हद्द दाखवायची, मग त्या हद्दीवर फक्की मारायची. फक्की म्हंजे चुन्याची पूड. वरनं पांढरी रेघ दिसती. घरधनी न्हाई तर रेघ न्हाई, रेघ न्हाई तर नकाशा न्हाई.

संध्याकाळी मी गल्ल्यांनी फक्कीचं पोतं घेऊन हिंडायलो, चौकाचौकात ड्रोनच्या खुणेला मोठ्या फुल्या मारायलो. एक बाई दारातनं म्हणली, "मामा, मूठभर द्या की. पांडवाला लावायची."

"घ्या की माय."

"उद्या आमच्याकडं जेवायला या. वड्याकाठचं शेत, तुरीच्या अंगाला."

म्हंजे बघा, मला बोलावणं आलं. ग्रुपवर न्हवं, तोंडावर. मग दुसरी आली वाटी घेऊन, तिसरी परात घेऊन. मी पांडवांचा ठेकेदार असल्यागत वाटत सुटलो. हापिसाची फक्की, माझं पुण्य. पोतं अर्ध्यावर आलं तवा भान आलं. एका म्हाताऱ्यानं इचारलं बी, "उद्या कोण थांबतंय रे हद्द दाखवायला? तुमच्या साहेबाला सांगितलं का?" मी म्हणलं, "बघू." आन् खरं सांगतो, तवा माझ्या डोळ्यापुढं म्याडम न्हवत्या. भज्जी व्हती.

सकाळी धुक्यातनं गाव निघालं. बैलगाड्या, टॅक्टर, मोटारसायकली, बायकांच्या डोक्यावर दुरड्या, आंबिलीची बिंदगी. आवाज आधी जायचा, माणूस मागनं. मग आवाज बी धुक्यात विरघळला. म्याडम टॅब छातीशी धरून चौकात उभ्या, माझ्या पांढऱ्या फुलीवर. चारी बोळी मोकळ्या. समद्या दारांना कुलपं.

"हे सगळे कुठं गेले?"

पोरगं म्हणलं, "काहीतरी सण करून राहिले वाटते."

म्याडमनं माझ्याकडं बघितलं. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

मी डोळा न लववता म्हणलो, "मला काय कळतंय म्याडम. अडाणी माणूस."

जलमभर लोकं मला अडाणी म्हणली, मी एकदाबी पांघरून घेतलं न्हाई. त्या दिवशी घेतलं. घोंगडीवानी, डोक्यावरनं.

"मी बघून येतो शेतात," म्हणलो आन् सटकलो. बघायला म्हणून गेलो तो थेट वड्याकाठी, तुरीच्या अंगाला. बाईनं पाट मांडला, पत्रावळीवर भज्जी वाढली. म्हणलं, खाऊन मग सांगू. खाल्लं. म्हणलं, आंबील पिऊन मग सांगू. प्यालो. धनी पिकात आंबील शिंपडत काहीतरी कानडी म्हणत चालला व्हता. ल्हानपणापास्नं ऐकतो, अर्थ अजून ठाऊक न्हाई. त्याचा आवाज लांब लांब गेला, ऊन तुरीच्या शेंगावर बसलं, आन् कोपीची सावली माझ्या अंगावर आली. मला वाटलं मी साखळीचं टोक धरून चाललोय आन् दुसरं टोक पार आभाळात, कुणीतरी वरनं म्हणायलंय, "ताण". मी म्हणायलो, "थांबा, पोट भरलंय." वरनं भुंग्यावानी आवाज येत व्हता. सपनात भुंगा कशाला आला, ह्याचा इचार करत मी आणखी गाढ झोपलो.

भुंगा सपनातला न्हवताच. पोरानं ड्रोन वर घातला व्हता, माणसं कुठं गेली ते बघायला. शेताशेतात कोपी सापडल्या, माणसं सापडली, आन् एका कोपीच्या सावलीत मी सापडलो.

जागा झालो तर समोर म्याडम. तुरीतनं चालत आलेल्या, वढणीला कुसळं चिकटलेली. मागं पोरगं. "मामा, तुमी स्क्रीनवर दिसून राहिले ना. तोंड उघडं. माशी गेलेली पन दिसली."

"माशी न्हाई दिसत येवढ्या वरनं," मी म्हणलो.

म्याडम हसल्या न्हाईत. "मामा, खरं सांगा. माहीत होतं ना?"

"व्हय."

"कधीपासून?"

"कालपास्नं. जीपात बसल्यापास्नं."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?"

हे मी बोललो आन् मला वाटलं आता वरडतील. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खालीच बसल्या, ढेकळावर. म्हणल्या, "मला फिल्डवर राहायचंय मामा. पप्पांशी भांडून आलेय मी. ती खुर्ची नकोय मला." मग वढणीचं कुसळ काढत म्हणल्या, "काल गाडीत तुम्ही काहीतरी बोलत होता. मी एक मिनिट म्हणाले होते."

ते एक मिनिट आमच्या दोघांच्या मधात पडून व्हतं, रात्रभर. दोघांनीबी उचललं न्हवतं.

घरधनीण ऐकत व्हती. तिनं म्याडमच्या हातात आंबिलीचा पेला दिला. "आधी पी गं माय. रिकाम्या पोटी रडू नये, शेताला लागतं." मग माझ्याकडं वळून, "आन् तुमी! जेवायला बोलावलं व्हतं, कुणाचं लेकरू बुडवायला न्हाई." धनी शेंगा सोलत हसला. मी पत्रावळीकडं बघत बसलो. तिच्यावर खायला काहीच उरलं न्हवतं, न्हाईतर त्यात तोंड घातलं असतं.

पोरानं मग फोनवर तो फोटो दाखवला. हरभऱ्याच्या हिरव्यात पिवळी कोप, अंगठ्यायेवढी, भवताली ठिपक्यासारखी माणसं. बाई दोन बोटांनी तो मोठा ल्हान करायली. "ही मी? येवढीशी? आन् हे गाठोडं कशाचं?"

"ते मामा."

बाई पोट धरून हसली. तिच्या लेकानं तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. जरा येळानं वड्यापलीकडच्या शेतातनं हसू आलं, मग त्याच्याही पलीकडच्या. माझं गाठोडं शेताशेतात पोचलं. मी जलमात पहिल्यांदा ग्रुपवर गेलो तो असा, तोंड उघडं ठिवून.

म्याडमनं पोराला सांगितलं, "सगळ्यांच्या कोपीचे फोटो काढ. गावाच्या ग्रुपवर टाकायला दे. लिही, घराचेही असेच काढायचेत, घरटी एक माणूस तीन वाजता या." मी म्हणलो, "फोटोनं लोकं हसत्याल म्याडम, उठणार न्हाईत. सणाच्या दिवशी उठवायला माणूस लागतो."

"मग?"

"मी जातो."

जातो म्हणलो खरं, पर येळवसाला कुणाच्या शेतात जाऊन न जेवता निघून दाखवा. पहिल्या कोपीत आंबील. दुसऱ्या कोपीत आंबील, वर उंडा. तिसऱ्यात म्हणलो, पोट भरलंय, तर ते म्हणले, मग आमचीबी हद्द तुम्हीच दाखवा. प्यालो. दुपार कलायच्या आत मी अकरा आंबिली प्यालो. पोटात वडा वाहायला लागला. शेतं डोळ्यापुढं हळू हळू तरंगायची, बांध लाटंसारखे वर-खाली व्हायचे, आन् मी त्याच्यातनं चाललेलो, दर कोपीला तेच सांगत: "चूक माझी. मला ठाऊक व्हतं, मी बोललो न्हाई. त्या लेकराचं काम जायलंय. घरटी एकानं या, घंटाभर." जिथं हसले तिथं आले. जिथं हसले न्हाईत तिथं मी त्यांच्याच फोनात माझा झोपलेला फोटो पुन्हा उघडायला लावला.

एक म्हातारा मात्र हालंना. कालचाच, ज्यानं मला इचारलं व्हतं. "सणाच्या दिवशी गाव मोजणाऱ्याला अक्कल न्हाई."

"म्याडमला हाय, काका. मलाच न्हाई. तुम्ही काल इचारलं, मी बघू म्हणलो."

"का म्हणला?"

"तुमच्या गावच्या भज्जीपायी. आन् मला कुणी इचारत न्हाई म्हणून."

म्हाताऱ्यानं पुढ्यातली पत्रावळ बाजूला सारली. मग म्हणला, "मी बी घरात असंच करतो. पोरं इचारत न्हाईत, मी सांगत न्हाई. मागल्या साली हिरीची मोटार जळाली, मला आधीच वास आला व्हता." अंगातल्या कोपरीवरचा कडबा झटकत तो उठला. "चल. पर घंटाभरच."

तीनला माणसं गावात यायला लागली. कपाळावर हळदीकुंकू, अंगाला तुरीचा वास, अर्धी झोपेत. आपापल्या दारात उभी राहिली. आन् तवा मी पोत्यात हात घातला. तळाला दोन ओंजळी फक्की. बाकी समदी पांडवांना.

म्याडमनं पोत्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणलो, "हे बी मीच." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झालं. तर वड्याकाठची बाई म्हणली, "त्यात काय येवढं? रांगोळी कुणाच्या घरात न्हाई?"

कुलपं उघडली, डबे आले. पुरुष बोट दाखवायचे, "हितून हितवर," आन् बायका रेघ वढायच्या. चिमटीतनं पांढरी धार सुटायची, हात न कापता, चालत चालत. साखळी ताणून मी जलमात अशी सरळ रेघ बघितली न्हाई. आन् कोपऱ्यावर आल्या की हात थांबायचाच न्हाई, एक फूल निघायचंच. म्याडम पळत, "मावशी, फूल नको, नुसती रेघ!" मावशी म्हणायची, "अगं, मोकळा कोपरा बरा दिसतो का?" आन् मी ह्या बोळीतनं त्या बोळीत, हात पसरून, लोकांना रेघेवरनं मागं सारत.

सव्वाचारला ड्रोन वर गेला. समदं गाव मान वर करून उभं. उन्हं तिरपी, प्रत्येकाची सावली घरायेवढी.

पाच घरं तरी राहिलीच. ती माणसं लांबच्या शेतात, येऊच शकली न्हाईत. पाचला साहेबाचा फोन आला. म्याडम सांगायल्या, पाच घरं बाकी, पुन्हा यावं लागंल. साहेबाचा आवाज चढला. मी हात पुढं केला. फोन द्या म्हणलो. म्याडमनं दिला, कशाला दिला त्यांनाबी कळलं नसंल.

"साहेब, चूक माझी हाय. आज येळवस हाय हे मला कालच ठाऊक व्हतं. मी सांगितलं न्हाई."

"तुम्ही कोण?"

"काठी धरणारा."

 साहेब वरडले, पर मला न्हाई. "अहो म्याडमला द्या फोन! म्याडम, तुमच्याकडे माहितगार माणूस आहे आणि तुम्ही त्याला विचारत नाही?" म्याडम म्हणल्या, "हो सर. विचारायला पाहिजे होतं." माझं नाव काढलं न्हाई, मी सटकलो, झोपलो, फक्की वाटली, कायबी न्हाई. मी बाजूला उभा, कान खाली घातलेला बैल.

पाच घरं आठ दिवसांनी झाली. मग लातूरच्या हापिसात म्याडमनं मला बोलावलं आन् मोठ्या स्क्रीनवर गाव दाखवलं. मी असं गाव कवाच बघितलं न्हवतं. लाल कवलं, पत्रे, बोळी, आन् घराघराच्या भवती पांढरी बारीक रेघ, कोपऱ्याकोपऱ्यावर फूल. गाव झोपलंय आन् कुणीतरी त्याच्या अंगावर पांढरा धागा शिवत गेलंय, असं.

मोठ्या साहेबाचा फोन स्पीकरवर चालू व्हता. "मोजणी पास झाली. निलंग्याची गावं तुमच्याकडे." म्याडमनं टेबलाची कड घट्ट धरली. "पण हद्दीवर ही फुलं कसली?"

"सर, लोकांची पद्धत आहे."

"बरं. आणि हा एकच माणूस दोन ठिकाणी कसा? एक देवळापाशी, एक पाराजवळ."

मी पुढं वाकून बघितलं. मीच. ड्रोन फोटोवर फोटो काढत गेला आन् मी बोळीबोळीनं पळत व्हतो, म्हणून फोटो जोडताना दोनदा आलो. पारापाशी धोतर फडकलेला. देवळापाशी हात पसरलेला, पर कमरेच्या खाली कायच न्हाई, नुस्ती सावली.

"सर, ते आमचे मामा आहेत."

"काढून टाका त्यांना नकाशातून."

"एक काढते सर," म्याडम म्हणल्या, "एक असू द्या, माझ्या कॉपीत."

फोन ठिवल्यावर मी इचारलं, कंचा ठिवणार. म्हणल्या, तुम्ही सांगा. मी दोघांकडंबी बघितलं. धोतरवाला दिसायला बरा व्हता. तरी मी दुसऱ्यावर बोट ठिवलं. तो अजून तिथं हाय, देवळापाशी, तिरप्या उन्हात, पाय नसलेला, दोन्ही हात पसरून म्हणायलाय, मागं व्हा, मागं व्हा, रेघ पुसंल.